वेळ उरल्यास

विनू,

तुझ्या शोकसभेत मला बोलायला मिळालं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

वक्त्यांच्या यादीत माझं नाव होतं, पण अगदी शेवटी, आणि पुढे कंसात 'वेळ उरल्यास' असं लिहिलेलं. यादी मृणालने केली होती. माझी मुलगी, तुझी भाची. प्रत्येकाला चार मिनिटं, तीन झाली की समोरून कार्ड दाखवायचं, चौथं संपलं की पुढच्याचं नाव पुकारायचं. सगळी तुझीच शिकवण. सभा सहाला सुरू झाली आणि सातला संपली. डोंबिवलीत राहून मला पंचवीस वर्षं झाली, पण वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपलेली शोकसभा मी पहिल्यांदा पाहिली. वेळ अर्थातच उरला नाही.

मला दाराशी उभं केलं होतं. "बाबा, तुम्ही लोकांना बसवून घ्या. पुढच्या रांगा आधी भरा, नाहीतर सगळे मागे भिंतीला टेकतात," मृणाल म्हणाली. मी बसवून घेतलं. दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या, त्यातल्या एकशे त्र्याण्णव भरल्या. मोजायचा माझा विचार नव्हता, पण माणूस रिकामा उभा राहिला की मोजतोच. मग माझ्या शोकसभेला किती येतील तेही मोजून पाहिलं. साठ, तेही मंदाच्या माहेरचे धरून. तू असतास तर म्हणाला असतास, "भावोजी, साठचीच खोली घ्या, म्हणजे भरलेली दिसते."

एकशे त्र्याण्णव माणसं तुझ्याबद्दल चांगलं बोलायला किंवा ऐकायला आली होती. तुझा हेवा करणारा त्यांत बहुधा मी एकटाच. तो पक्षही कुणीतरी मांडायला हवा. आपल्या सांस्कृतिक संस्थेचा यंदाचा अंक मृणाल काढते आहे. लेखातली एक ओळही कापायची नाही, या अटीवर मी हा देतो आहे.

वर्गाची गोष्ट सभेत तिघांनी सांगितली आणि तिघांनीही ती अर्धीच सांगितली. रंगाच्या कारखान्याच्या एका मालकांनी संस्थेला पन्नास हजारांची ठेव दिली, इथपर्यंत बरोबर. गाणं-नाटक शिकवणारे गावात पुष्कळ आहेत, पण कार्यक्रम उभा कसा करायचा, सभागृह कसं ठरवायचं, माईकवाल्याशी कसं बोलायचं, तिकिटं कशी खपवायची हे कुणी शिकवत नाही. ठेवीच्या व्याजातून ते शिकवा, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि मग म्हणे 'विनूसरांनी वर्ग सुरू केला'. मी त्या वेळीही संस्थेचा कोषाध्यक्ष होतो. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम मी लिहिला होता, अंदाजपत्रकापासून करमणूक करापर्यंत. मंगळवारचा वर्ग माझा, शाळेच्या खोलीत, फळ्यावर. शनिवारचा तुझा, बाहेर, रस्त्यावर. सभेत मंगळवारचं नाव कुणी घेतलं नाही.

मंगळवारी सात मुलं असली तर शनिवारी अकरा असायची. वर्गात नावंच अकरा होती. मी एकदा घरी हे बोलून दाखवलं, तर मंदा, तुझी बहीण, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, तुमच्या फळ्यावरचा तोटा कुणाला लागत नाही. त्याच्याकडे खरा लागतो. मुलं येणारच."

तोच आपला वाद. मी म्हणत होतो, व्याज वर्षाला पाच-साडेपाच हजार येतं. त्यातलं निम्मं व्याख्यात्यांना आणि पुस्तकांना द्यावं, निम्मं बाजूला ठेवावं, म्हणजे पुढेमागे व्याजदर उतरले किंवा एखाद्या वर्षी विद्यार्थी वाढले तरी वर्ग अडणार नाही. तू म्हणत होतास, सगळे पैसे मुलांच्या हातात द्यायचे आणि एक खरा कार्यक्रम करायला लावायचं. तिकीट खरं, कलाकार खरा, तोटा झाला तर तोही खरा. आठ वर्षं आपण हे भांडलो, माझ्या घरी, तुझ्या खोलीवर, कार्यकारिणीत, एकदा तर भाजी घेताना. मी म्हणालो होतो, "दुसऱ्याच्या पैशाने चुकायला शिकवणं सोपं असतं, विनू." तू मेथीची जुडी उलटीसुलटी करत म्हणालास, "पोहायला शिकवतात ती विहीरही दुसऱ्याचीच असते, भावोजी." भाजीवाली हसली. मला घरी पोचल्यावर उत्तर सुचलं: विहिरीचं पाणी शिकणाऱ्याबरोबर संपत नाही. पुढच्या भेटीत ते तुला ऐकवणार होतो, पण तेव्हा तू दुसऱ्याच कुठल्या विषयावर होतास. अजूनही मला ते उत्तर बिनतोड वाटतं.

आता शुक्रवारचं.

मृणाल वर्गात आली ते वर्ष. बी.कॉम. झाली होती, पुढे हिशेबाचंच काही करील अशी माझी समजूत होती. तिने माझ्याकडून फॉर्म घेतला आणि तुझ्याकडून भरून घेतला. तिच्या तुकडीने नाट्यसंगीताचा कार्यक्रम ठरवला. वार शुक्रवार, वेळ संध्याकाळी सहा. शुक्रवारी सभागृहाचं भाडं निम्मं, आणि त्या दिवशी इथल्या औद्योगिक भागातले कारखाने बंद, म्हणजे लोक घरी. गायिकेला त्याच रात्री पुण्याला परतायचं होतं, म्हणून सहा. मुलांनी दोन रविवार सकाळी बिल्डिंगा पालथ्या घातल्या, दारोदार जाऊन एकशे साठ तिकिटं विकली. तुकडी हवेत होती.

तिकिटांच्या हिशेबासकट आराखडा माझ्याकडे आला आणि मी वाचता वाचता थांबलो. मुलांनी तिकिटं विकली होती ती रविवारी घरात सापडलेल्या माणसांना. ती कारखान्यातली माणसं नव्हती. मुंबईच्या ऑफिसांत जाणारी, शुक्रवारी सहाला अजून टेबलाशी बसलेली माणसं होती ती. मी स्वतः फोर्टातल्या ऑफिसात, पावणेआठच्या आत मी कधी उंबरा ओलांडला नाही. हे मृणालला आठवू नये? एकशे साठ जणांचं सोड, तिला आपल्या बापाचं आठवलं नाही.

मी तडक तुझ्याकडे आलो. तू आराखडा पाहिलासुद्धा नाहीस.

"कळलंय मला," म्हणालास. "पहिल्याच दिवशी कळलं."

"आणि गप्प बसलास?"

"तुम्हीही बसा."

"अरे, माझी मुलगी आहे ती."

"म्हणूनच सांगतोय. घरी काही बोलू नका, भावोजी. ताईलाही नाही. शपथ आहे तुम्हाला माझी."

मी बोललो नाही. पंधरा दिवस ती समोर बसून जेवत होती, तिकिटांचे आकडे सांगत होती, आणि मी आमटी पीत होतो. त्या शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून सभागृहात जाऊन बसलो. माझ्याशिवाय चाळीसेक माणसं, बहुतेक बायका आणि निवृत्त झालेले. साडेसातला गायिकेने भैरवी सुरू केली आणि माणसं यायला लागली. ऑफिसच्या बॅगांसकट, घाम पुसत, तिकीट हातात धरून. दारावर मृणाल उभी होती. एक गृहस्थ तिला म्हणाले, "बाळ, आत्ता तर संपतंय. मग विकलंत कशाला?" पुष्कळांनी पैसे परत मागितले. मुलांनी परत केले, तू सांगितल्याप्रमाणे, मान खाली न घालता.

मी घाईने घरी आलो. मंदाला म्हटलं, ती येईल, चेहरा उतरलेला असेल, काही विचारू नकोस, आधी जेवायला वाढ. आम्ही ताटं घेऊन बसून राहिलो. ती आली नाही. ती तुझ्या खोलीवर गेली होती. तुझ्याकडे चहा आणि खारी खात बसली, रडली, मग म्हणे हसायलाही लागली. तू तिला काय सांगितलंस ते मला आजवर माहीत नाही. घरी आली ती भूक नाही म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती कार्यक्रम करणारी बाई झाली. ठाण्याच्या नाट्यगृहात आज तिच्या हाताखाली सहा माणसं आहेत. कुठल्या वस्तीत कोण किती वाजता घरी असतं, हे ती आधी विचारते आणि कलाकार नंतर.

मी तिला दहा वर्षं गणित शिकवलं, विनू. तिला तुझी खारी आठवते.

आणखी एक. ती मला 'बाबा, तुम्ही' म्हणते आणि तुला 'मामा, तू'. आपल्याकडे पद्धतच तशी आहे, मान्य. पण त्या एका 'तू'मध्ये तुला काय काय फुकट मिळालं याचा तू कधी विचार केलास का? तू लग्न केलं नाहीस, दूध-वाणी-फी यांतलं काही तुझ्यामागे नव्हतं, आणि तरी माझ्या घरात सगळ्यात जास्त वाट पाहिली जायची ती तुझी. तू येणार म्हटलं की मंदा अळूवड्या करायची. मला अळू खाजतं. हे तिला माहीत आहे.

त्या कार्यक्रमाचा तोटा दोन हजारांच्या घरात गेला. मी कार्यकारिणीत म्हणालो, एवढ्या पैशात वर्षभर व्याख्याते आले असते. तू म्हणालास, "व्याख्यात्याचं एक वाक्य तरी कुणाला आठवतं का? ही मुलं जन्मात कधी शुक्रवारी सहाला कार्यक्रम ठेवणार नाहीत." टाळ्या पडल्या. कार्यकारिणीच्या सभेत टाळ्या पडलेल्या मी तेव्हाच पाहिल्या. तुझं म्हणणं बरोबर होतं म्हणून मला राग आला असं नाही. माझंही बरोबर होतं आणि त्याला टाळ्या पडत नव्हत्या.

ठाण्याच्या हॉस्पिटलात मी तुला शेवटचा भेटलो तेव्हा तू मोसंबं सोलत होतास आणि तुझ्याच्यानं ते सोलवत नव्हतं. मी हातातून घेतलं तर दिलंस, हे मला आवडलं नाही. एरवी दिलं नसतंस.

"शनिवार तुम्ही घ्या," म्हणालास.

"आधी घरी ये."

"घेणार की नाही, सांगा."

"माझा मंगळवार आहे. तेवढा पुरे."

"मंगळवारी तुम्ही बोलता, भावोजी. शनिवारी बोलायचं नसतं. तुम्हालाही काहीतरी नवीन शिकायला मिळेल."

तुला इतका दम लागत होता, तरी टोमणा मारायला पुरला. मी सालं कागदात गुंडाळली आणि भेटायची वेळ संपली म्हणून उठलो. तुला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दोन दिवसांनी मंदाला फोन आला. त्यानंतर बराच वेळ मी तिच्या शेजारी बसून राहिलो. माझा सख्खा भाऊ गेला तेव्हा मी इतका वेळ बसलो नव्हतो.

शोकसभेनंतरच्या आठवड्यात कार्यकारिणी बसली. अध्यक्ष आप्पा, आपले निवृत्त मुख्याध्यापक, ते हळू आवाजात म्हणाले, "विनायक गेला. आता शनिवारचा वर्ग कोण घेणार? कोषाध्यक्ष इतकी वर्षं सांगताहेत तसंच करू. यंदाचे निम्मे पैसे व्याख्यात्यांना, निम्मे ठेवीत. मंगळवार चालू ठेवू." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा मायेनेच. मी आठ वर्षं मांडलेला ठराव एका मिनिटात मंजूर होत होता आणि विरोधाला माणूस नव्हता. यंदाच्या तुकडीतली सात मुलं बाहेर बाकावर बसली होती. जूनपासून तू त्यांना नुसती फिरवली होतीस, गेल्या वर्षीची सभागृहं दाखवली होतीस. कार्यक्रम अजून व्हायचा होता. तो झाला नसता तर त्यांच्या हातात माझ्या मंगळवारच्या वह्या उरल्या असत्या.

मी म्हणालो, पैसे मुलांना द्या, शनिवार मी घेतो.

आप्पांना गहिवरून आलं. त्यांना वाटलं, मी तुझी इच्छा पुरी करतो आहे. खरं कारण वेगळं होतं, ते तुला सांगतो. तुझ्याशिवायही हे होतं, हे मला एकदा पाहायचं होतं. तू गेलास म्हणून वर्ग बंद पडला असता तर तो कायमचा तुझाच झाला असता. व्याजातला एक हप्ता बाजूला काढून ठेवायची अट मात्र मी मंजूर करून घेतली. हसू नकोस.

पहिल्याच शनिवारी सुजाता, कल्याणची, तुकडीत सगळ्यात चुणचुणीत, उभी राहिली. "सर, आम्ही टिटवाळ्याला करायचं म्हणतोय. अंगारकीला."

"टिटवाळ्याला का?"

"सर, अंगारकीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. जाहिरातीचा खर्चच नाही. लोक आधीच आलेले असणार. देवळाच्या रस्त्यावर शाळेचं मैदान आहे, मंडप घालायचा, भक्तिगीतं ठेवायची, दहा रुपये तिकीट. हजारातला एक जण आला तरी आपलं भरतं."

बाकीची सहा मुलं माझ्याकडे बघत होती. विनू, मी मंदाला घेऊन तीन अंगारक्या टिटवाळ्याला गेलो आहे. माणूस सकाळपासून उपाशी असतो, चपला हातात घेऊन रांगेत उभा असतो, दर्शन झालं की त्याला घर दिसतं आणि चंद्र उगवला की ताट. भजन देवळापाशी फुकट चालू असतं. त्याने दहा रुपये देऊन दोन तास खुर्चीवर का बसावं? सुजाताच्या बोलण्यातली चूक ती बोलून संपायच्या आत माझ्या लक्षात आली होती. माझं तोंड उघडलंही.

मी म्हणालो, "मंडपवाल्याचा भाव दोन ठिकाणी विचारा."

एवढंच. त्या रात्री मला झोप लागेना तेव्हा मंदा म्हणाली, "कुणाशी भांडताय?" मी म्हटलं, तुझ्या भावाशी. ती म्हणाली, "चांगलंय. मलाही सवय राहील."

पुढचे सगळे शनिवार मी गप्प राहिलो. माझ्या स्वभावाला याहून कष्टाचं दुसरं काम नाही. मुलं मंडप ठरवत होती, तिकिटं छापत होती, अडीचशे खुर्च्या सांगत होती. मी प्रत्येक पावती तपासली, सही केली आणि तोंड मिटून ठेवलं. तू हे हसतखेळत करायचास असं सगळे म्हणतात. आता मला तसं वाटत नाही.

अंगारकीला संध्याकाळी मृणालही मदतीला आली, ठाण्याहून रजा काढून. मंडपासमोरून माणसांचा नुसता लोंढा चालला होता. एका आजींनी विचारलं, "इथे बसलं तर चालेल का रे, पाय दुखतायत." मुलांनी त्यांना बसवलं. तसे पंधरा-वीस जण पाय दुखतात म्हणून बसले. तिकीट काढून आलेले चौतीस. नऊच्या सुमारास गायकाने अभंगाची दुसरी ओळ घेतली आणि रस्त्यावर कुणीतरी ओरडलं, "उगवला." सगळा मंडप उठून बाहेर गेला. चंद्र पाहिला, हात जोडले, आणि परत आले नऊ. तबलजीने मागे वळून मृणालकडे पाहिलं, की पुढे चालू ठेवायचं का. तिने मान हलवली. नऊ जणांसाठी ते पूर्ण गायले.

नंतर मुलं मंडपात गोल करून बसली. मी बाजूला. मग सुजाता म्हणाली, "सर, लोक उपाशी होते." दुसरा म्हणाला, "आणि बसायला कुणी आलेलंच नव्हतं. सगळे जायलाच आलेले." तिसरी म्हणाली, चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी इथेच राहणाऱ्या लोकांसाठी केलं असतं तर, आदल्या दिवशी सगळी वस्ती दुकानं लावण्यात असते, दुसऱ्या दिवशी मोकळी. मग सगळे एकदम बोलायला लागले. वह्या निघाल्या. माझ्या मंगळवारच्या वह्या, विनू. कोरी पानं शोधून त्यात लिहीत होती. मी मध्ये एक शब्द घालायची गरज नव्हती.

तर हे असं असतं. हे तू आठ वर्षं एकट्याने खाल्लंस आणि मला मात्र दर मार्चमध्ये तोट्याचा आकडा दिलास. एकदा तरी म्हणायचं होतंस, भावोजी, शनिवारी नुसते येऊन बसा. हॉस्पिटलात म्हणालास, पण तेव्हा फार उशीर झाला होता, आणि मला वाटलं टोमणाच आहे.

मुलं मंडपवाल्याकडे गेली. मृणाल आणि मी खुर्च्या मिटत राहिलो.

"बाबा, तुमच्या लक्षात आलं नव्हतं?"

"आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलं नाही."

तिने हातातली खुर्ची तशीच धरून ठेवली. "मामा असता तर न विचारता सांगितलं असतं," ती म्हणाली. "आमच्या वेळी शुक्रवारचं त्यालाही सुचलं नाही, बिचाऱ्याला. नाहीतर त्याने आम्हाला असं बुडू दिलं नसतं."

तुला काय आणि कधी कळलं होतं, हे माहीत असलेला माणूस, हा लेख तिच्या हाती पडेपर्यंत, मी एकटाच आहे. तिथल्या तिथे सांगता आलं असतं. ती दोन दिवस तुझ्यावर रागावली असती, आणि तिसऱ्या दिवशी तू तिला आणखी आवडला असतास.

मी तिच्या हातातली खुर्ची घेतली, बाकीच्यांवर ठेवली.

"हो," मी म्हणालो. "त्याने सांगितलं असतं."